सत्तावीस दिवसांचा आळ

भामा म्हात्रे या बाईवर मी खोटा आळ घेतला. तो खोटा आहे हे मला महिन्याभरात कळलं, आणि ते तिला सांगायला मी पाच वर्षं लावली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी तिचं कौतुक करणार आहे, आणि माझ्यासारखीने केलेलं कौतुक वाचणाऱ्याने जरा तपासूनच घ्यावं. हे लिहू का, असं मी तिला विचारलं होतं. "लिवा," ती म्हणाली, "पन अर्धं लिवायचं नाय."

आमचं केंद्र पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला, शिरढोण ओलांडून थोडं आत होतं. पृथ्वीच्या चुंबकत्वाची रोजची नोंद ठेवायची, एवढंच तिथलं काम. माळावर एक छोटी खोली होती, तिला सगळे खोपी म्हणत. खोपीत लोखंडाचा कणही नव्हता. आपला काळा दगडसुद्धा चुंबकाला दाद देतो, म्हणून भिंतींना बाहेरून आणलेला पांढरा चुनखडीचा दगड, दारांना पितळी बिजागऱ्या, फळ्यांना तांब्याचे खिळे. दाराबाहेर बाकावर एक लाकडी पेटी असायची. आत जाणाऱ्याने घड्याळ, किल्ल्या, पट्टा, चष्म्याची काडी लोखंडी असेल तर चष्मासुद्धा त्या पेटीत ठेवून जायचं. मोठमोठे शास्त्रज्ञ पाहुणे म्हणून यायचे आणि पँट एका हाताने धरून आत जायचे.

भामाबाई त्या खोपीच्या निरीक्षक होत्या. सकाळी आणि दुपारी आत जायचं, दुर्बिणीसारख्या यंत्रातून पृथ्वीच्या चुंबकीय रेषेचा कोन वाचायचा आणि वहीत लिहायचा. त्या मुळात केंद्रावर आल्या पाणी भरायला, एकोणीस वर्षांच्या असताना. माहेर उरणकडचं, वडील मिठागरावर. लग्न होऊन शिरढोणला आल्या, सासरची जमीन केंद्राला आणि रस्त्याला गेली, त्या बदल्यात घरातल्या एकाला काम मिळालं. नवरा आनंदा तेव्हाच उरणच्या बंदरावर लागलेला, म्हणून काम सुनेच्या वाट्याला आलं. केंद्राचे प्रमुख दीनानाथ सर एकदा मोजपट्टी वाचताना अडखळले, तेव्हा कळशी खाली ठेवून या बाईने बरोबर आकडा सांगितला. सरांनी तिला बाहेरून दहावीला बसवलं, आणि पुढे खोपी तिच्या हातात दिली.

मी तिथे लागले २००७च्या नोव्हेंबरात. मनिषा, पनवेलच्या लाइन आळीतली, भौतिकशास्त्रात पहिल्या वर्गात, आणि डोक्यात हवा गेलेली. भामाबाई चाळिशीच्या होत्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला त्यांचे खोपीचे ब्लाऊज दाखवले. बायकांच्या ब्लाऊजला लोखंडी हूक असतात, हे माझ्या पहिल्या वर्गाच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्यांनी ते उसवून सगळ्या ब्लाऊजना प्लास्टिकची बटणं लावली होती. आपल्याकडे बायकांच्या बांगडीत चार-दोन सेफ्टी पिना लटकलेल्या असतातच, यांच्या कधी नसायच्या. साडीला पिन नाही, पदर खोचलेला. केसांना आकडा नाही, दोरी. यंत्रासमोर बसलं की आधी पाच मिनिटं नुसतं बसायच्या, चालून आल्याची धाप जाईपर्यंत. "आपन हाललो तर त्याला बोल लावता येत नाय," असं म्हणायच्या.

माझं काम वेगळं होतं. खोपीपासून जरा लांब एक नवा सेन्सर जमिनीत पुरला होता. तो सेकंदासेकंदाला चुंबकत्व मोजून संगणकाकडे पाठवायचा. ती नोंद स्वच्छ आहे की नाही ते मी पाहायचं. जोडीला जुनं कागदाचं यंत्रही अजून चालू होतं, त्याची गुंडाळी भामाबाई रोज सकाळी बदलायच्या.

फेब्रुवारी संपताना माझ्या पडद्यावरची रेघ हलायला लागली. चुंबकीय वादळात पडते तशी खोल पडली नाही, नुसती बारीक बारीक थरथरत राहिली. चार-पाच दिवस हे चाललं आणि मग थांबलं. मागचे कागद काढले तर फेब्रुवारीच्या सुरुवातीलाही तेच. मध्ये अंतर सत्तावीस दिवसांचं.

आता माझी पहिली चूक सांगते. मी फक्त सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचची नोंद काढून पाहिली होती, कारण माणसांमुळे होणारा बिघाड शोधायचा तर माणसं हजर असतानाचाच वेळ पाहायचा, असं मला वाटलं. दुसरी चूक अशी की महिन्याच्या मध्यावरही रेघ एकदा हलली होती. ती माझ्या हिशोबात बसेना, म्हणून मी तिला किरकोळ म्हणून सोडून दिलं.

त्याच दिवसांत एकदा सगळ्यांसाठी भामाबाईंनी चहा केला. झाडलोट करणाऱ्या ठमाबाई शेजारी होत्या, त्या राहायच्याही शिरढोणला भामाबाईंच्या घराला लागून. त्यांनी कप घेतला नाही.

"का हो ठमाबाई?" मी विचारलं.

"आज भामाच्या हातचं नको, बाय," त्या हळूच म्हणाल्या. "कावळा शिवलाय तिला. कालपासून मागच्या ओटीवर बसलीय. सासू लांबून ताट सरकवते. नोकरीला तेवढी सूट हाय, पगाराला कुठला इटाळ?"

मी हसले. आणि टेबलाशी जाऊन बसले तोवर माझ्या डोक्यात दिवा लागला होता. सत्तावीस दिवस. चार-पाच दिवस. दिवसाउजेडी. बाई कापडाची घडी घेत असणार, घडीला पिन लावत असणार, आणि ती पिन घेऊन खोपीत जाताना सेन्सरच्या अंगावरून चालत असणार. मला त्या वेळी काय वाटलं तेही लिहिते. मला स्वतःचा अभिमान वाटला. एखाद्या पुरुषाला हे सुचलंच नसतं, असं वाटलं.

सत्तावीस मार्चला रेघ पुन्हा हलली. मी ठमाबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं. "बसलीय की," त्या म्हणाल्या. बस. माझ्यापुरता निकाल लागला.

भामाबाईंना विचारायची मला लाज वाटली. दीनानाथ सरांना सांगायची वाटली नाही. आडून आडून, इंग्रजी शब्दांच्या आधाराने मी त्यांना सगळं सांगितलं. सर निवृत्तीला आलेले, सोवळे नव्हेत पण संकोची. कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्यांच्या. त्यांनी भामाबाईंना बोलावलं. मी तिथेच उभी होते.

"भामाबाई, यापुढे त्या... त्या चार दिवसांत खोपीत जायचं नाही. अविनाश जाईल."

अविनाश म्हणजे आमचा वीजतंत्री. भामाबाईंनी सरांकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाल्या, "बरं, सर."

आणि त्या रोज खोपीत जात राहिल्या. तेवीस एप्रिलला रेघ हलली. ठमाबाईंना विचारलं, तर भामा ओटीवर. आणि वहीत पाहिलं, तर तेवीस, चोवीस, पंचवीस, तिन्ही दिवस भामाबाईंच्या अक्षरात नोंदी. माझा संताप झाला. मी रागीट आहे हे माझ्या घरचे सांगतीलच. एवढं स्पष्ट सांगूनही ही बाई सरळ खोटं वागते, म्हणून मी तरातरा सरांकडे गेले.

सरांनी पुन्हा बोलावलं. दाराशी ठमाबाई फरशी पुसत होत्या.

"तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"मी नियम मोडला नाय, सर."

"काल-परवा तुम्ही खोपीत होता."

"होते."

"मग?"

भामाबाईंनी तोंड उघडलं. त्यांची नजर दाराकडे गेली, पुसण्याचा आवाज थांबला होता. त्यांनी तोंड मिटलं. मग म्हणाल्या, "रेघ रातीला पन हालते, सर. सकाळी कागद बदलते ना मी, बगते. राती मी घरी असते."

"ते जुनं यंत्र आहे, त्याचा काय भरवसा," असं सरांच्या आधी मीच म्हणाले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. रात्रीची नोंद माझ्याच संगणकात होती. दोन बटणं दाबायची होती. मी ती दाबली नाहीत, कारण मला उत्तर आधीच सापडलेलं होतं.

भामाबाईंकडून खोपी गेली. त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. पगार तोच, म्हणून सर स्वतःची समजूत घालत होते. खोपीच्या वहीत मी लाल शाईने लिहिलं : निरीक्षकाजवळ लोखंडी वस्तू असल्याने नोंद अग्राह्य. निरीक्षक, भा. आ. म्हात्रे. अक्षर माझं चांगलं आहे.

दुसऱ्या दिवशी त्या हूक लावलेला ब्लाऊज घालून आल्या. आता बटणांची गरज नव्हती.

वीस मेला रेघ हलली.

खोपीत अविनाश. पट्टा, किल्ल्या पेटीत ठेवून, सगळं रीतसर करून गेलेला. भामाबाई दोनशे पावलं लांब टपालावर शिक्के मारत होत्या. मी पडद्यासमोर बसून होते आणि रेघ आपली बारीक बारीक थरथरत होती. मग मी ती दोन बटणं दाबली. रात्री दहा, रात्री दोन, पहाटे चार, कुठल्याही वेळी थरथर तेवढीच.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. सूर्यावरून निघणाऱ्या वाऱ्याचा वेग अंतराळातलं एक यान मोजतं, ते आकडे कुणालाही फुकट मिळतात, माझ्याच संगणकावर मिळत होते. मी पाहिले. ज्या ज्या दिवशी मी भामाबाईंच्या नावाने खडे फोडले होते, त्या त्या दिवशी तो वारा सेकंदाला सहाशे, साडेसहाशे किलोमीटरने आला होता. एरवी तो साडेतीनशेच्या आसपास असतो. महिन्याच्या मध्यावरची जी थरथर मी सोडून दिली होती, तीसुद्धा तिथे होती. सूर्याच्या अंगाचा दुसरा एक भाग, दुसरा वारा.

थोडं समजावून सांगते, कारण याच्यावरच पुढे माझी डॉक्टरेट झाली. सूर्यातून विद्युतभारित कणांचा वारा सतत वाहत असतो आणि तो सूर्याचं चुंबकत्व बरोबर ओढून आणतो. सूर्याभोवतीच्या तप्त आवरणात काही ठिकाणी खिडक्या उघड्या असाव्यात तशा जागा असतात, तिथून वेगवान वारा सुटतो. त्यात चुंबकीय रेषा दोरीसारख्या हेलकावत येतात आणि कणही त्याच ठेक्यावर हलतात. या लहरी बहुतेक एकाच दिशेने चाललेल्या, सूर्याकडून बाहेर. मंद वाऱ्याचं तसं नाही. तो निघताना आणि वाटेत इतका घुसळला जातो की मोठे हेलकावे मोडून लहान होतात, लहान मोडून आणखी लहान, इकडच्या लहरी तिकडच्यांत मिसळतात आणि मूळ ठेका हरवतो. वेगवान वारा घाईत असतो, त्याला इतकं विस्कटायला वेळच मिळत नाही. त्याच्या लहरी पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर दिवसचे दिवस टिचक्या मारत राहतात, आणि आपल्या सेन्सरची रेघ थरथरते. सूर्य स्वतःभोवती फिरतो. आपल्याकडून पाहिलं तर सत्तावीस दिवसांत तीच खिडकी पुन्हा समोर येते.

सूर्य सत्तावीस दिवसांत फिरतो हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलेलं होतं. पण समोर एक बाई दिसली आणि मला सूर्य आठवला नाही.

मी सरांकडे गेले. खरंच गेले, एवढं माझ्या बाजूने लिहू द्या. त्यांनी सगळे आलेख पाहिले, चष्मा काढून डोळे चोळले.

"ऑर्डर निघून गेली, मनिषा. फिरवायची तर कारण लिहावं लागेल. आधी काय कारण होतं तेही लिहावं लागेल. मी काय लिहू?"

मी म्हणायला हवं होतं, की खरं लिहा, चूक माझी म्हणून लिहा. मी नवी होते, कायम झाले नव्हते. मी गप्प राहिले. सरांनी माझ्या गप्प राहण्याला होकार धरलं आणि सप्टेंबरात निवृत्त झाले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर न्यायाधीशाशेजारी खुर्ची टाकून बसला होता.

२०११मध्ये माझा निबंध छापून आला, वेगवान आणि मंद सौरवाऱ्यातल्या लहरींचा आमच्या अक्षांशावर काय परिणाम दिसतो, यावर. त्यात सगळ्यात सुंदर आलेख २००८च्या त्या महिन्यांचे आहेत. लाल शाईने बाद केलेले दिवस मी गुपचूप परत घेतले, आणि भामाबाईंना टपालावरच ठेवलं. शेवटी आभार मानायची जागा असते. तिथे मी संस्थेचे, यानाचे, सरांचे आणि माझ्या आईचे आभार मानले आहेत.

खाई त्याला खवखवे. केंद्रावर गेले की मी आवक-जावकच्या टेबलासमोरून जायचं टाळायची, मागच्या दाराने जायची. भामाबाई मात्र दिसल्या की उठून "या मॅडम" म्हणायच्या. पुढे खोपीतलं हाताने मोजणं बंद झालं, यंत्र आलं. मला वाटलं आता विषय संपला. तसं झालं नाही, उलट रात्री झोप लागेना.

२०१३च्या हिवाळ्यात त्यांची सासू गेल्याचं कळलं. मला निमित्त हवं होतं. दिवसकार्य उरकल्यावर मी शिरढोणला गेले. भामाबाईंनी ओटीवर चटई टाकली, पाणी दिलं. आत त्यांच्या मुलीचं, कोमलचं, बाळ किरकिरत होतं. मी सासूबाईंबद्दल दोन शब्द बोलले आणि मग सगळं एका दमात सांगून टाकलं. सूर्य, खिडक्या, वारा, सत्तावीस दिवस. वीस मेची रेघ. सरांशी झालेलं बोलणं. मी गप्प राहिले तेही. निबंध छापून आला तेही.

त्या शांतपणे ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, "म्हनजे माझ्या कागदावर रातीला हालायची ती रेघ खरी होती?"

"खरी होती. तुमचं प्रत्येक मोजमाप खरं होतं."

"हां," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा जराशा हसल्या. "मला वाटायचंच."

मी वहीची गोष्ट काढली. म्हटलं, लाल शाई खोडता येत नाही, पण शेजारी दुरुस्ती लिहिता येते, ती मी माझ्या सहीने लिहिणार आहे. तुमच्याजवळ पिन असती तरी ती थरथर तिची नव्हती, असं लिहिते.

"पिन असती तरी?" त्यांनी मान हलवली. "पिन कशाला असेल, मॅडम? माझी पिशवी दोन हजार तीनला काढली. पनवेलला दवाखान्यात. तवापासून मला कायबी येत नाय."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"पण ठमाबाई तर म्हणायच्या की तुम्ही ओटीवर..."

"बसायची ना. जुन्याच हिशोबानं, दर महिन्याला चार दिवस. ह्यांना ठाव होतं नि मला, तिसऱ्याला नाय. आमाला एकटी कोमल. सासूला नातू हवा होता. पिशवी गेली हे तिला कळलं असतं तर तिनं ह्यांच्यामागं लागून दुसरी आनली असती घरात. म्हनून बसायची." पदराने ओटीवरचा धुरळा झटकत त्या पुढे म्हणाल्या, "नि चार दिवस चूल सुटायची, ते पन खोटं नाय. आता सासू गेली. आता कोनाला सांगा."

म्हणजे सरांनी ज्या चार दिवसांची बंदी घातली, ते चार दिवस या बाईच्या आयुष्यात नव्हतेच. ती नियम मोडत नव्हती. आणि सरांच्या खोलीत खरं बोलायला तिने तोंड उघडलं होतं, तेव्हा दारात ठमाबाई होत्या. तिथे बोललेलं सांज व्हायच्या आत सासूच्या कानावर गेलं असतं. तिने घर राखलं आणि खोपी सोडली.

आणि तरी मी विचारलं. कुठल्या तोंडाने विचारलं देव जाणे. "मग नंतर कधी मला एकटीला तरी का नाही सांगितलंत?"

भामाबाई रागावल्या नाहीत. वहीतला आकडा वाचावा तशा म्हणाल्या, "मार्चमदे तुमी सारख्या माझ्याकडं बगत होता, मॅडम. मला वाटलं, इचारतील. बाईमानूस हाय, आज ना उद्या इचारील. इचारलं असतं तर सांगितलं असतं. तुमी सरांकडं गेलात."